नाशिकच्या फ्लॅटला भूकंपाचा विमा किती घ्यायचा, हिशोब असा करा

आयएस १८९३ म्हणजे भूकंपाला टिकतील अशा इमारतींसाठीचं भारतीय मानक, त्याच्या २०१६ च्या नकाशात नाशिक झोन ३ मधे आहे, म्हणजे मध्यम धोका, आणि एवढं ऐकूनच बरेच जण विषय सोडून देतात. सोडू नका प्लीज. १९९३ ला किल्लारी सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमधे होतं, भूकंप ६.२ च्या आसपासचा, तरी जवळपास १० हजार माणसं गेली, कारण मातीत रचलेल्या दगडी भिंती, वर मातीचं जड छप्पर आणि पहाटे सगळे झोपेत. म्हणून आधी घर बघा, नकाशा नंतर.

सुरुवात बांधकामाच्या खर्चापासून, बाजारभावापासून नाही!! गंगापूर रोडचा फ्लॅट ८० लाखाला जात असला तरी त्यात जागेची किंमत असते आणि जमीन काही पडत नाही. समजा कार्पेट ८०० स्क्वेअर फूट, बांधायला २५०० रुपये फूट, झाले २० लाख, विमा एवढ्या रकमेचा.

आता वर्षाचं सरासरी नुकसान, प्रीमियमचा पाया हाच. इथले आकडे मी समजायला धरलेत, तुम्ही तुमच्या इंजिनिअरला विचारून बदला. प्लास्टरला तडे जातील असा धक्का १०० वर्षांत एकदा, नुकसान १ टक्का म्हणजे २० हजार, भागिले १०० म्हणजे २०० रुपये. मध्यम धक्का हजार वर्षांत एकदा, १५ टक्के म्हणजे ३ लाख, वर्षाला ३००. मोठा ५ हजार वर्षांत एकदा, ६० टक्के म्हणजे १२ लाख, वर्षाला २४०. बेरीज ७४०.

पण खाली नुसतं पार्किंग, कॉलम उघडे, भिंतीच नाहीत अशी बिल्डिंग असेल तर तो मजला आधी बसतो, २००१ ला भूजच्या भूकंपात अहमदाबादला अशा कितीतरी बिल्डिंगा पडल्या. मग मध्यमला ३० आणि मोठ्याला १०० टक्के धरा, बेरीज थेट १२००. झोन तोच, शहर तेच! पंचवटीतल्या जुन्या वाड्यांचा हिशोब तर वेगळाच करावा लागेल.

विमा कंपनी या बेरजेवर खर्च, कमिशन आणि रीइन्शुरन्स (कंपनी स्वतःसाठी घेते तो विमा) चढवते. आग लागली तर एकदोन घरं जळतात, भूकंपात अख्ख्या शहराचे क्लेम एकाच दिवशी येतात, त्यासाठी मोठी रक्कम राखून ठेवावी लागते, म्हणून प्रीमियम सरासरीपेक्षा जास्त असणं रास्तच आहे.

घरासाठी भारत गृह रक्षा ही पॉलिसी बघा, १ एप्रिल २०२१ पासून आहे, भूकंप त्यात धरलेलाच असतो, घरातल्या सामानाला बिल्डिंगच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख आपोआप मिळतात, दागिन्यांचं कव्हर मात्र वेगळं मागून घ्यावं लागतं. सातपूर-अंबडला छोटं वर्कशॉप असेल आणि सगळं मिळून ५ कोटींच्या आत असेल तर भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा. तिथे मशिनची रक्कम कमी लावू नका, १५ टक्क्यांपर्यंतची तूट चालते, त्यापेक्षा जास्त असली की क्लेम त्या प्रमाणात कापतात.