कोंगाकुट नदीवर निघण्यापूर्वी: अलास्कातील आर्क्टिक राफ्टिंग आणि पदभ्रमणाची तयारी

अलास्काच्या ईशान्य कोपऱ्यात आर्क्टिक नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूज हे अभयारण्य आहे. १९६० मध्ये त्याला संरक्षण मिळाले आणि १९८० मध्ये त्याचा विस्तार झाला. सुमारे ७८ हजार चौरस किलोमीटरच्या या प्रदेशात रस्ता नाही, आखलेली पायवाट नाही आणि मोबाइलला रेंजही नाही. ब्रूक्स पर्वतरांगेत उगम पावून उत्तरेकडे ब्यूफोर्ट समुद्राला मिळणारी कोंगाकुट नदी याच अभयारण्यातून वाहते. जून ते ऑगस्ट या काळात गाइडसोबत तिच्यावर आठ ते बारा दिवसांच्या राफ्टिंग सहली निघतात आणि मधल्या मुक्कामांवरून डोंगरांत पायी भटकंतीही होते. अशा सहलीसाठी नाव नोंदवलेल्या किंवा नोंदवण्याच्या विचारात असलेल्या मराठी वाचकांसाठी ही तयारी लिहीत आहे. सह्याद्रीतला अनुभव गाठीशी असला, तरी तिथे चालून जाणाऱ्या काही सवयी इथे बाजूला ठेवाव्या लागतात. राजमाचीच्या वाटेवर एखादी वस्तू विसरली तर गावात मिळते किंवा दुसऱ्या दिवशी घरी परतता येते. कोंगाकुटच्या काठावर विमान तुम्हाला सोडून गेले, की ठरलेल्या दिवसापर्यंत जे सोबत आहे तेवढेच.

कागदपत्रांना किमान सात-आठ महिने आधी हात घालावा. भारतीय पासपोर्टधारकाला अमेरिकेचा पर्यटक व्हिसा लागतो, मुलाखतीची तारीख लवकर मिळेल असे गृहीत धरता येत नाही आणि विमान कॅनडामार्गे असेल तर तिथल्या व्हिसाचे नियमही वेगळे तपासावे लागतात. विमा घेताना पॉलिसीच्या मजकुरात दुर्गम भागातून विमानाने किंवा हेलिकॉप्टरने रुग्णाला हलवण्याचा खर्च आणि राफ्टिंग या दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या आहेत का, हे स्वतः वाचून पाहावे. एजंटच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. परतीचे तिकीट काढताना सहलीच्या शेवटच्या दिवसानंतर किमान दोन, शक्य असल्यास तीन दिवस मोकळे सोडावेत. ब्रूक्स रांगेच्या खिंडींत ढग उतरले की छोटी विमाने उडत नाहीत, आणि सहलीचा गट नदीकाठच्या वाळूवर शिल्लक शिध्यावर थांबून राहतो. हे क्वचित घडणारे नाही.

सामानाची खरी यादी ठरते ती या विमानामुळे. अलास्कातल्या फेअरबँक्स शहराहून निघाल्यावर काही गट आधी आर्क्टिक व्हिलेज या ग्विचिन आदिवासी लोकांच्या गावी उतरतात आणि तिथून जाड, फुगीर चाकांच्या चार-पाच आसनी विमानाने नदीकाठच्या गोट्यांच्या पट्ट्यावर पोहोचतात. अशा विमानात प्रत्येक किलोचा हिशेब होतो. स्लीपिंग बॅगसह माणशी २० ते २५ किलोच्या आसपासची मर्यादा सर्रास असते. तुमच्या आयोजकाने दिलेला आकडा मात्र अंतिम मानावा. चाकांची किंवा कडक चौकटीची बॅग त्या विमानाच्या पोटात बसत नाही, म्हणून मऊ डफल बॅगच घ्यावी आणि मुंबईहून आणलेली सूटकेस फेअरबँक्सच्या हॉटेलात ठेवून जावी. घरच्या वजनकाट्यावर सगळे सामान भरून पाहिले तेव्हा माझी बॅग मर्यादेपेक्षा चार किलो जास्त भरली होती. त्यातून बाहेर काढलेल्या जीन्सची, जाड टॉवेलची किंवा दुसऱ्या जाकिटाची पुढे एकदाही आठवण झाली नाही.

कपड्यांच्या बाबतीत एक नियम कडकपणे पाळावा: अंगाला लागणारे काहीही सुती नसावे. ओला सुती कपडा वाळत नाही आणि शरीरातली ऊब ओढून घेतो. तिथे जुलैतही एका दिवशी टी-शर्टवर बसता येईल असे ऊन असते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तंबूवर बर्फ साचलेला दिसतो. म्हणून एकच जाड जाकीट घेण्यापेक्षा एकावर एक घालता येतील असे थर न्यावेत: लोकरी किंवा सिंथेटिक आतले कपडे दोन जोड, मधला फ्लीसचा थर, वर ऊबदार भरीव जाकीट आणि सर्वांत बाहेर खरोखर पाणी अडवणारा रेनकोट व पँट. आपल्याकडचा पावसाळी पोंचो इथे उपयोगाचा नाही. समुद्राकडून नदीच्या वरच्या दिशेने येणारा गार वारा त्याला फडफडवत ठेवतो आणि वल्हे मारताना तो हातात गुंततो. लोकरी मोजे पाच जोड घ्यावेत आणि त्यांतला एक जोड फक्त झोपण्यासाठी कोरडा राखावा. हातमोजेही दोन प्रकारचे हवेत, वल्हवण्यासाठी निओप्रिनचे (ओले झाले तरी ऊब राखणाऱ्या रबरी कापडाचे) आणि मुक्कामावर लोकरी. स्लीपिंग बॅग शून्याखाली पाच ते सात अंशांपर्यंत पुरेल अशी असावी. उन्हाळ्याच्या मध्यावर तिथे सूर्य मावळतच नाही, म्हणून टॉर्चचे वजन वाचते. त्याऐवजी डोळ्यांवर बांधायची पट्टी घ्यावी, नाहीतर पहिल्या तीन रात्री झोपेविना जातात.

पायांचा विचार वेगळा करायला हवा. नदीसाठी गुडघ्यापर्यंतचे रबरी गमबूट किंवा निओप्रिन मोज्यांसह पाण्यात चालण्याचे बूट आणि डोंगरासाठी घोट्याला आधार देणारे, आधीच पायांत रुळलेले बूट असे दोन स्वतंत्र जोड लागतात. नवे कोरे बूट घेऊन निघू नये. तिथल्या टंड्रावर, म्हणजे झाडे नसलेल्या थंड माळरानावर, कापूसगवताचे डुगडुगणारे गड्डे असतात, गुडघ्याच्या निम्म्या उंचीचे आणि एकमेकांना खेटून. त्यांवर पाय ठेवला तर तो घसरतो आणि मधल्या फटीत ठेवला तर पाण्यात जातो. जमिनीखाली कायम गोठलेला थर असल्याने पाणी मुरत नाही, म्हणून उतारावरही पायांखाली चिखल असतो. किलोमीटरभर अंतराला एक तास लागला तर नवल नाही. निघण्याआधीच्या चार महिन्यांत आठवड्यातून दोनदा आठ-दहा किलो पाठीवर घेऊन सिंहगड चढावा आणि उतरावा. पावसाळ्यात संधी मिळाली तर भातखाचरांच्या निसरड्या बांधांवरून चालण्याचा सराव करावा, कारण घोट्यांना या मैदानाची सवय लावणारे त्यासारखे दुसरे काही मला सापडलेले नाही. चालण्याच्या दोन काठ्या आवर्जून घ्याव्यात.

पाण्याची तयारी कोलाडला करता येते. कुंडलिकेवर एक-दोनदा राफ्टमध्ये बसून गाइडच्या हाकेसरशी सगळ्यांनी एकत्र वल्हवणे, पाण्यात पडल्यास पाठीवर तरंगत पाय प्रवाहाच्या दिशेला ठेवणे आणि दोरी झेलणे या गोष्टी अंगवळणी पाडून घ्याव्यात. एक फरक मात्र मनावर बिंबवायला हवा. कोलाडचे पाणी कोमट असते, तर कोंगाकुटचे नुकत्याच वितळलेल्या बर्फाचे. अशा पाण्यात पडल्यावर पहिले मिनिट श्वास आटोक्यात आणण्याचे असते, कारण धक्क्याने माणूस धापा टाकू लागतो आणि पाणी गिळतो. त्यानंतर हातपाय कामाचे राहतात ते साधारण दहा मिनिटे, आणि शुद्ध हरपायला सुमारे तासभर लागतो. या सगळ्यात लाइफ जॅकेटच माणसाला तारते, म्हणून ते राफ्टवर चढण्यापूर्वी घालावे आणि काठावर पूर्ण उतरल्यावरच सोडावे. ड्रायसूट, म्हणजे आत पाणी शिरू न देणारा अंगभर पोशाख, आयोजक देणार आहे का, की भाड्याने घ्यायचा आहे, हे लेखी विचारून ठेवावे.

या नदीवर आणखी एक गोष्ट असते जिला आपल्या अनुभवात तोड नाही. हिवाळ्यात पाणी बर्फावरून वाहून पुन्हा गोठत राहते आणि थरावर थर चढून पात्रात कित्येक मीटर जाडीचे बर्फाचे पठार तयार होते. उन्हाळ्यात नदी त्याला कापत, निळसर उभ्या भिंतींमधून वाहते. वाट मोकळी आहे की पुढे प्रवाह बर्फाखाली शिरतो, हे गाइड आधी काठावरून चालत जाऊन पाहतो आणि मगच राफ्ट सोडतो. तो थांबा म्हणाला की थांबावे, मग वेळापत्रक कितीही मागे पडो. त्या बर्फावरून परावर्तित होणारे ऊन डोळ्यांना भाजते, म्हणून दोरी बांधलेला गडद गॉगल आणि चष्मा असेल तर चष्म्याचा दुसरा जोड अत्यावश्यक आहे.

ड्रायबॅग, म्हणजे पाणी आत न जाणारी पिशवी, भरण्याची रीत घरीच शिकून घ्यावी. सामान भरल्यावर बॅगेवर गुडघा टेकवून आतली हवा हळूहळू बाहेर काढायची, तोंडाची पट्टी घट्ट ताणून किमान तीन वेळा गुंडाळायची, मधे मोज्याचे टोक किंवा दोरी अडकलेली नाही ना हे बोटाने चाचपायचे आणि मगच बक्कल लावायचे. नंतर ती बॅग घरच्या टबात किंवा बादलीत पाच मिनिटे दाबून धरावी. माझ्या बॅगेच्या घडीत एकदा रुमालाचा कोपरा अडकला होता. तेवढ्या फटीतून स्लीपिंग बॅगचा पायाकडचा भाग भिजला आणि दोन रात्री पाय पोटाशी घेऊन काढाव्या लागल्या.

अस्वलांविषयी भीती नको, पण शिस्त हवी. अस्वलासाठीचा स्प्रे म्हणजे मिरचीतल्या तिखट घटकाचा दाबयुक्त फवारा. तो प्रवासी विमानात ना हातात नेता येतो, ना सामानात. तसेच स्टोव्हच्या गॅसच्या डब्याचे. दोन्ही फेअरबँक्सलाच घ्यावे लागते आणि छोट्या विमानाच्या पायलटला त्याविषयी आधी सांगावे लागते. फवारा सात ते नऊ मीटरपर्यंत पोहोचतो, वारा उलटा असेल तर आपल्याच डोळ्यांत येतो, आणि डब्याची पिन काढण्याची सवय असावी म्हणून सरावाचा रिकामा डबा मिळाला तर हाताळून पाहावा. तो पिशवीच्या तळाशी न ठेवता कमरेलाच लावावा. अन्न आणि वास येणारी प्रत्येक वस्तू अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात जाते, आणि इथे आपल्या मंडळींची हमखास गफलत होते: चिवडा, चिक्की, खाकरा, बडीशेप, इतकेच नव्हे तर टूथपेस्ट, डोकेदुखीचा बाम आणि खिशातली लवंग-वेलचीसुद्धा या यादीत मोडते. तंबूत काहीही ठेवायचे नाही. स्वयंपाक आणि झोपण्याची जागा यांत सुमारे शंभर मीटर अंतर असते. शाकाहारी किंवा जैन असाल तर आयोजकाला तीन-चार महिने आधी कळवावे. शिधा अगोदर मोजून भरलेला असतो, आयत्या वेळी बदल होत नाही.

डासांचा जोर जूनच्या अखेरीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत असतो आणि तो खरोखर त्रासदायक असतो. टोपीवरून घालायची बारीक जाळी दोन नग आणि डीट हे डास पळवणारे रसायन असलेले औषध घ्यावे. डीट प्लॅस्टिक विरघळवते, म्हणून ते लावलेल्या हातांनी कॅमेरा, घड्याळ किंवा चष्म्याची काच धरू नये. नेहमीची औषधे दोन वेगळ्या ड्रायबॅगांत विभागून ठेवावीत आणि मधुमेह, रक्तदाब, दमा असा कोणताही आजार गाइडपासून लपवू नये. त्याच्यापाशी सॅटेलाइट फोन असतो, पण मदत यायला हवामानानुसार दिवससुद्धा लागू शकतो. निघण्यापूर्वी दंतवैद्याला दाखवून यावे. स्त्रियांनी पाळीचे साहित्य तारखेचा विचार न करता सोबत ठेवावे आणि वापरलेले बंद पिशवीत परत आणावे.

मुक्कामाची एक गोष्ट गाइड सांगेलच, तरी ती आधी माहीत असावी. जमिनीत पाणी मुरत नसल्याने डोंगरात पाऊस पडला की नदी काही तासांत चढते. तंबू म्हणूनच काठापासून उंचावर लागतात आणि राफ्ट रोज रात्री बांधून ठेवतात. पॉर्क्युपाइन नावाच्या कळपातले कॅरिबू (उत्तर अमेरिकेतले रेनडियर) नदी ओलांडताना दिसले तर राफ्ट काठाला लावून सगळ्यांनी स्तब्ध थांबायचे असते. २०१७ च्या मोजणीत या कळपात सुमारे २ लाख १८ हजार जनावरे होती, आणि ग्विचिन लोकांचे जगणे पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यावर उभे आहे. दोघांत मिळून एक दुर्बीण पुरते. जुने दगडी अवजार सापडले तर फोटो काढून ते तिथेच सोडावे.

फेअरबँक्समधली शेवटची संध्याकाळ खरेदीसाठी आणि पुन्हा एकदा वजन करण्यासाठी राखून ठेवावी. पॉवर बँक, पासपोर्ट आणि एक कोरडा आतला थर अंगावरच्या छोट्या पिशवीत असू द्यावा. सकाळी धावपट्टीकडे निघताना गमबूट पायांतच घालावेत. ते बॅगेत भरले तर वजनात धरले जातात, आणि गोट्यांच्या पट्ट्यावर उतरल्यावर सामान काठापर्यंत नेताना पहिल्या काही पावलांतच पाणी लागते.