हलकी फोल्डिंग खुर्ची घेताय? आधी बसून उठून बघा

कॅम्पिंगची खुर्ची घ्यायची म्हटलं की सगळे आधी वजन बघतात, मीपण तेच केलं होतं. सगळ्यात हलका म्हणून तीन पायांचा स्टूल घेतला, हातात घेतला तर काही घेतल्यासारखंच वाटेना, एकदम खूश. पहिल्याच रात्री अर्ध्या तासात दोन्ही पायांना मुंग्या, कारण त्या त्रिकोणी कापडाची कड बरोब्बर मांडीखाली रुतते आणि पाठीला टेकायला काहीच नाही. शेवटी एका दगडावर जाऊन बसलो आणि स्टूलावर बॅग ठेवली.

तर आधी दोनच गोष्टी ठरवा, किती चालत न्यायची आणि किती वेळ बसायचं. गाडी लावली आणि ५० पावलांवर बसायचं असेल तर हलक्या खुर्चीसाठी जास्तीचे पैसे कशाला घालवता, छत्रीसारखी मिटणारी साधी चार पायांची घ्या, ३-४ किलो भरते पण हात टेकायला जागा असते, पाठ सरळ राहते, उठायलाही सोपं. फक्त मिटल्यावर ती लांबलचक होते, सॅकमध्ये जात नाही, खांद्यालाच लटकवावी लागते आणि गर्दीत मागच्याला लागते.

सॅक घेऊन चालायचं असेल तर मग ती पोलवाली. आतून इलॅस्टिक दोरी ओवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या असतात, टेंटच्या पोलसारख्या, झटकल्या की पटापट जुळतात आणि वर कापड चार टोकांना अडकवायचं. हेलिनॉक्स या कोरियन ब्रँडची चेअर वन यातली सगळ्यात माहितीतली, वजन साधारण १ किलो आणि क्षमता १४५ किलो, आता तशाच दिसणाऱ्या ढिगाने मिळतात. नवी असताना शेवटचा कोपरा जाम घट्ट जातो, घाबरू नका, सांगाडा गुडघ्यांत धरून ओढायचा.

पण या खुर्च्या बुटक्या असतात हे फोटोत कळतच नाही. घरातल्या खुर्चीची बैठक जमिनीपासून साधारण ४५ सेंटिमीटर, यांची बऱ्याचदा ३०-३५ च्या आसपास. दुकानात बसा, हात छातीशी घडी घाला आणि तसेच उठा. जमलं तर ठीक, एका कुशीवर वळून जमिनीला हात टेकवावा लागला तर गुडघेदुखीवाल्या माणसासाठी ती घेऊच नका, उंच मॉडेल बघा, पाव-अर्धा किलो वाढला तरी चालेल. ऑनलाइन घेताना बैठकीची उंची शोधून वाचा, नुसती 'उंची' लिहिलेली असते ती पाठीच्या टोकापर्यंतची असते. ओपन एअर कार्यक्रमाला मात्र बुटकीच बरी, मागच्यांना दिसतं, आणि काही ठिकाणी खुर्ची किती उंच चालेल याचा नियमच असतो, तिकिटाबरोबरच्या सूचना वाचून घ्या.

आता पाय. याकडे कोणी बघत नाही आणि पडतात ते इथेच. पायाच्या टोकाचं रबर अडीच सेंटिमीटर व्यासाचं धरलं तर एका पायाखाली जेमतेम ५ चौरस सेंटिमीटर जमीन, चारही मिळून २०. ८० किलोचा माणूस बसला की दर चौरस सेंटिमीटरवर ४ किलो! आणि मागे रेललात की जवळपास सगळं वजन मागच्या दोन पायांवर. मी पावसानंतरच्या मऊ मैदानात बसलो होतो, मागचे पाय हळूहळू खाली जात होते ते कळलंच नाही, हसत हसत जरा मागे टेकलो आणि थेट पाय आकाशात, हातातला मग छातीवर सांडलेला. वाळूत पण हेच होतं. उपाय सोपा आहे, चारही पायांखाली एकच ग्राउंडशीट मिळते ती घ्या, नाहीतर जुन्या टेनिस बॉलला चीर पाडून प्रत्येक पायाला एक घाला. दिसतं विचित्र, काम करतं.

तीन पायांच्या स्टूलाचा फायदा एवढाच की खडबडीत जमिनीवर तो डुगडुगत नाही, तिन्ही पाय नेहमी टेकतात. पण दोन पायांच्या मधल्या बाजूला झुकलात की गेलात.

लिहिलेली क्षमता ही नीट, हळू बसलेल्या माणसाची समजा. आपण दमून येतो तेव्हा धपकन बसतो आणि त्या क्षणी भार वजनापेक्षा बराच जास्त पडतो, म्हणून मी माझ्या वजनाच्या वर निदान ३० किलो तरी सोडतो. खुर्ची उलटी करून कापडाचे कोपरे बघा, पोल जिथे खोचतो तिथली शिलाई दुहेरी-तिहेरी हवी, आणि नळ्या जोडणाऱ्या प्लास्टिकच्या सांध्याला बारीक चीर नको. नळी अ‍ॅल्युमिनियमची आहे म्हणतात पण खात्री नसेल तर छोटं लोहचुंबक लावा, चिकटलं तर लोखंड किंवा स्टील, म्हणजे जड आणि रंग खरवडला की गंजणार.

जाळीचं कापड उकाड्यात मस्त, थंडीत मात्र खालून वारा लागून कंबर गार पडते, तेव्हा खाली मॅट टाका. शेकोटीजवळ कुठलंही असलं कापड सांभाळा, एक ठिणगी पडली की वितळून भोक.

आणि दहा मिनिटं टेकायचंय एवढंच असेल तर खुर्चीच नको, घडीचा फोमचा तुकडा घ्या, १०० ग्रॅमच्या आतला मिळतो, पाणी पीत नाही, ओल्या दगडावर पण बूड कोरडं. लांब चालायचं असेल तेव्हा मी हाच नेतो.

घेतल्यावर घरीच चार-पाच वेळा उघडून परत पिशवीत भरून बघा, रिटर्नची मुदत संपायच्या आत. पिशव्या इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की दुकानातून आलेली घडी परत तशी बसतच नाही, आणि हे अंधारात, टॉर्च तोंडात धरून शिकायला लागलं की फार शिव्या येतात.