शामोनीत गाइडसोबत ऑफ-पिस्ट स्कीइंग: या चुका टाळा

शामोनी हे फ्रेंच आल्प्समधलं गाव, आणि ऑफ-पिस्ट म्हणजे आखलेल्या स्की-उतारांच्या (पिस्टच्या) बाहेरचं स्कीइंग. सगळ्यात मोठी चूक बुकिंगच्या ई-मेलमध्येच होते. गाइड विचारतो, ‘स्कीइंग कितपत येतं?’ आपण लिहितो, ‘रेड रन आरामात करतो.’ ते खोटं नसतं, पण रेड रनवरचा, म्हणजे मध्यम-अवघड पिस्टवरचा, बर्फ मशिनने दाबून सपाट केलेला असतो. ऑफ-पिस्टवर एकाच उतारावर भुसभुशीत बर्फ, मग जड, ओला बर्फ आणि मध्येच पापडासारखं कवच लागतं, वरून कडक आणि स्कीखाली मोडणारं. पहिल्या वेळी मीही तसंच लिहिलं होतं. त्या कवचात माझे टर्न लागेनात. दर दहा-पंधरा मीटरवर पडत होते आणि ग्रुपमधले चौघं थंडीत माझी वाट बघत उभे होते. आता मी सरळ लिहिते: एकूण किती दिवस स्कीइंग केलंय, शेवटचं कधी, न दाबलेल्या बर्फात किती वेळा, कुठला गुडघा दुखतो. व्हाले ब्लांशला जायचं की आधी एक दिवस पिस्टच्या कडेच्या उतारांवर काढायचा, हे गाइड त्यावरूनच ठरवतो.

व्हाले ब्लांश म्हणजे साधारण 20 किलोमीटरची हिमनदीवरची वाट. ती पिस्ट नाही, तिथे गस्त नसते. एग्वीय द्यु मिदी शिखराची केबल कार 1,035 मीटरवरच्या शामोनीतून वीसेक मिनिटांत 3,777 मीटरवर नेऊन सोडते. कळसूबाईच्या दुपटीहून जास्त उंची, आणि शरीराला सवय व्हायला वेळच नाही. दम लागतो, डोकं जड होतं. आदल्या रात्री वाइन नको. वर पोहोचल्यावर घाई नको. गरगरायला लागलं तर गाइडला लगेच सांगा, लपवू नका.

बर्फाच्या बोगद्यातून बाहेर पडलं की अरुंद धार उतरायची असते. तिथे दोराने बांधून घेऊन चालत जायचं, स्की पाठीवर. इथे सॅक दगा देते. स्की अडकवायचे पट्टे नसलेली छोटी सॅक घेऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्या धारेवर हात मोकळे नसणं ही भीतीदायक गोष्ट आहे. सॅकवर स्की बांधून बघणं, हार्नेस (दोर अडकवायचा कमरपट्टा) नीट बसतो का आणि क्रॅम्पॉन (बुटाखाली लावायचे काटे) बुटांवर नीट बसतात का ते पाहणं, हे सगळं खाली खोलीतच करा.

बीकन (गाडलेल्या माणसाला शोधण्यासाठी संकेत पाठवणारं आणि पकडणारं यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून चाचपायची लांब काठी) तिन्ही हवेत. नुसतं बीकन असून भागत नाही, कारण जागा सापडल्यावर खणणार कशाने? हिमस्खलनाखाली गाडल्या गेलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पहिल्या 10-15 मिनिटांनंतर झपाट्याने घसरते. हेलिकॉप्टर इतक्या लवकर येत नाही, शोधायचं ते सोबतच्यांनीच. एक चूक मात्र जवळजवळ प्रत्येक जण करतो: मोबाइल बीकनला लागूनच्या खिशात ठेवतो. बीकन पाठवण्याच्या मोडवर असताना दोघांत किमान 20 सेंटीमीटर अंतर ठेवा, शोधताना 50. बॅटरीवर गरम होणारे हातमोजेही गडबड करतात.

उतरताना गाइड जिथे थांबतो त्याच्या खाली जाऊ नका. त्याच्या वर किंवा बाजूला थांबा. हिमनदीवर फोटोसाठी त्याचा माग सोडून दोन पावलंही जाऊ नका आणि स्की काढू नका. स्कीमुळे वजन पसरतं, नुसत्या बुटांनी बर्फाखालच्या भेगेचं झाकण फुटू शकतं. तो ‘एकेक जण या’ म्हणाला तर खरंच एकेकाने जा. उतारावरचा भार कमी राहावा आणि काही घडलंच तर बाकीचे शोधायला मोकळे असावेत, म्हणून तो तसं सांगत असतो.

बूट स्कीच्या बाइंडिंगमध्ये (बूट अडकवायच्या कळीत) बसत नसेल तर बहुतेक वेळा बुटाच्या तळाला बर्फ चिकटलेला असतो. काठीच्या टोकाने खरवडा, बाइंडिंगमधला बर्फही झटका. स्की उताराला आडवी ठेवून आधी खालच्या बाजूची चढवा. पडल्यावर स्की दिसेनाशी झाली तर आपण थांबलो त्या जागेच्या वरच्या बाजूला शोधा, लोक खालीच चाचपत बसतात. गॉगल धुकटला तर कपाळावर चढवू नका, घामाने आणखी बिघडतो.

विम्याची कागदपत्रं निघण्याआधी शब्दन् शब्द वाचा. व्हिसासाठी घेतलेल्या पॉलिसीत ऑफ-पिस्ट आणि हेलिकॉप्टरचा बचाव-खर्च वगळलेला असू शकतो.

बर्फ पुरेसा नसला तर शामोनीपर्यंत स्कीवर उतरता येत नाही. मेर द ग्लास या हिमनदीवरून मोंतांव्हेर स्टेशन गाठून रेल्वेने खाली यावं लागतं. हिमनदी इतकी खचली आहे की पूर्वी तिथे शेकडो पायऱ्या चढाव्या लागत. 2024 पासून नवी केबिन लिफ्ट आहे. शेवटच्या लिफ्टची आणि गाडीची वेळ सकाळीच विचारून ठेवा, आणि जेवणाचा थांबा त्याच हिशोबाने आटपा.