यूसीसी-१ मधले कर्जदाराचे नाव: परत आलेला अर्ज आणि स्वीकारला गेलेला चुकीचा अर्ज

अमेरिकेतल्या बँकेच्या किंवा वित्तसंस्थेच्या तारणकर्ज विभागात नव्याने रुजू झालेल्या मराठी मुलामुलींचे फोन मला अधूनमधून येतात आणि ‘यूसीसी-१ परत आला, आता नोकरीचे काय?’ हा प्रश्न त्यात हमखास असतो. यूसीसी-१ म्हणजे कर्जदाराच्या तारणावरचा आपला बोजा राज्याच्या नोंदणी कार्यालयात नोंदवण्याचा अर्ज. तो परत आला म्हणून नोकरीला काही होत नाही. परत आलेला अर्ज दुरुस्त करता येतो, कारण तो चुकल्याचे तुम्हाला थोड्याच दिवसांत कळलेले असते. मला अडचणीत आणले ते स्वीकारल्या गेलेल्या अर्जाने.

माझी आधीची आठ वर्षे महाराष्ट्रातल्या एका बँकेच्या कर्ज विभागात गेली. तिथे कंपनीच्या मालमत्तेवरचा बोजा सीएचजी-१ हा नमुना भरून नोंदवताना कंपनीची ओळख सीआयएनवरून, म्हणजे तिच्या नोंदणी क्रमांकावरून, पटते आणि व्यक्तीच्या बाबतीत पॅन हाताशी असतो. क्रमांक बरोबर असला की बाकीचे जुळते, ही सवय अंगात मुरलेली होती. अमेरिकेतल्या राज्यांच्या नोंदणी कार्यालयांची अनुक्रमणिका मात्र कर्जदाराच्या नावावर चालते आणि सध्याच्या राष्ट्रीय नमुन्यात करक्रमांकासाठी रकानाच नाही. त्यामुळे नाव चुकले, तर शोध घेणाऱ्या दुसऱ्या सावकाराच्या दृष्टीने तुमचा बोजा नसल्यातच जमा असतो.

माझे प्रकरण एका बेकरीमालकाचे होते. भट्ट्या आणि मिक्सर तारण होते, व्यवसाय एकल मालकीचा होता. मी १ए या रकान्यात दुकानाचे नाव भरले आणि १बीमध्ये मालकाचे. दोहोंपैकी एकच रकाना भरावा, असे नमुन्यावर स्पष्ट छापलेले असते, त्यामुळे अर्ज परत आला. वरिष्ठांना कळण्याआधी प्रकरण मिटावे म्हणून मी त्याच दुपारी १ए रिकामा करून अर्ज पुन्हा पाठवला. १बीमधले नाव तसेच ठेवले, जे कर्जाच्या अर्जावरून उतरवलेले होते. त्या अर्जावर त्याने सगळे हाक मारतात ते छोटे नाव लिहिले होते, तर वाहनपरवान्यावर पूर्ण नाव होते. पोच आली आणि मी फाइल बंद केली. सात महिन्यांनी त्याने त्याच भट्ट्यांवर दुसरीकडून कर्ज घेतले. त्या सावकाराने परवान्यावरच्या नावाने शोध घेतला, त्याला आमची नोंद दिसली नाही आणि त्याने योग्य नावाने आपली नोंद केली. हप्ते थकले, तेव्हा तारणावर पहिला हक्क त्याचा ठरला. परवान्याची प्रत आमच्याच फाइलमध्ये पहिल्या दिवसापासून होती, हे आठवले की मला आजही अस्वस्थ वाटते.

नोंदणी कार्यालय नाव खरे आहे का, हे तपासत नाही, ही गोष्ट मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळली. यूसीसी, म्हणजे अमेरिकेतल्या राज्यांनी स्वीकारलेली एकसमान व्यापारी संहिता; तिच्या कलम ९-५१६ मध्ये नकाराची कारणे मोजकी आहेत: कर्जदाराचे नाव दिलेले नसणे, व्यक्तीच्या नावात आडनाव कोणते ते न दाखवणे, पत्ता नसणे, शुल्क न भरणे आणि अशीच आणखी काही. रकाने भरलेले असले की अर्ज पुढे जातो. नाव पुरेसे आहे का, हा प्रश्न कलम ९-५०३ चा असून तो न्यायालयात, बहुधा कर्जदार दिवाळखोरीत गेल्यावर, उपस्थित होतो. पोच म्हणजे अर्ज मिळाल्याची पावती असते, नाव बरोबर असल्याचा दाखला नसतो.

यूसीसीमधल्या २०१० च्या दुरुस्त्या बहुतेक राज्यांत १ जुलै २०१३ पासून लागू झाल्या. बहुसंख्य राज्यांनी स्वीकारलेल्या पर्यायानुसार, कर्जदाराकडे त्या राज्याचा मुदतीतला वाहनपरवाना असेल, तर त्यावरचेच नाव द्यावे लागते. पासपोर्ट, करविवरण किंवा बँक खात्यावरचे नाव चालत नाही. आपल्या माणसांच्या बाबतीत इथे विशेष काळजी घ्या. वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव परवान्यावर कधी मधल्या नावात असते, कधी पहिल्या नावाला जोडलेले असते, तर कधी गाळलेले असते, आणि लग्नानंतर आडनाव बदलले तरी परवाना जुनाच असतो. आपल्याला कोणते नाव योग्य वाटते, याला इथे अर्थ नाही. परवान्यावर जे ज्या रकान्यात आहे, ते त्याच रकान्यात उतरवायचे. कंपनीसाठी मात्र तिच्या स्थापनेच्या राज्यात दाखल झालेला मूळ दस्तऐवज आणि त्यातल्या दुरुस्त्या पाहायच्या; पत्रशीर्षावर किंवा संकेतस्थळावर विसंबू नये. नुसते व्यापारी नाव व्यक्ती आणि कंपनी या दोघांनाही पुरत नाही.

‘एखाद्या अक्षराने काय बिघडते?’ असे म्हणणारे अनुभवी लोक तुम्हाला भेटतील. कलम ९-५०६ त्यांना थोडा आधार देते: योग्य नावाने, कार्यालयाच्या ठरलेल्या शोधपद्धतीने शोधल्यावर चुकीची नोंद सापडली, तर चूक माफ होते. पण ही शोधपद्धत सहसा विरामचिन्हे आणि ‘एलएलसी’सारखे कंपनीचा प्रकार सांगणारे शेवटचे शब्द सोडून देते, संक्षेप ओळखेलच असे नाही. ‘१९४४ बीच बुलेव्हार्ड, एलएलसी’ या कंपनीच्या नोंदीत ‘बुलेव्हार्ड’चे संक्षिप्त रूप वापरले गेले होते. फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये त्या राज्याच्या कार्यालयाकडे कायद्याला अभिप्रेत अशी शोधपद्धतच नाही, असे ठरवले. परिणामी माफीची वाट बंद होऊन ती नोंद निष्प्रभ ठरली.

माझे मत कोणाला कठोर वाटेल, पण कर्ज-प्रणालीतून नाव आपोआप उतरवून घेणारी सोय नवख्याने पहिले वर्षभर वापरू नये, आणि ‘पोच आली ना, मग झाले’ असे सांगणाऱ्या वरिष्ठांकडून हे काम शिकू नये. मला शिकवले ते दुसऱ्या विभागातल्या एका बाईंनी. त्या परवान्याची प्रत समोर ठेवून नाव अक्षर अक्षर उलटे, शेवटापासून वाचायच्या. आजही मी तसेच वाचते.

तरीही घाबरून जाण्याचे कारण नाही. कर्जदाराची लेखी परवानगी असेल, तर करारावर सह्या होण्याआधीच यूसीसी-१ दाखल करता येतो. तो परत आला, तरी पैसे अजून तुमच्याकडेच असतात. यंत्रसामग्री विकत घेण्यासाठीच दिलेल्या कर्जात, कर्जदाराला यंत्राचा ताबा मिळाल्यापासून २० दिवसांत नोंद झाली तरी अग्रक्रम टिकतो, तेव्हा अशा कर्जात अर्ज त्याच दुपारी पुन्हा पाठवण्याची घाई मुळीच नसते. स्वीकारलेल्या नोंदीतली चूक यूसीसी-३ या दुरुस्तीच्या अर्जाने सुधारता येते, मात्र मूळ नाव दिशाभूल करणारे असेल, तर संरक्षण सुधारणेच्या तारखेपासूनच धरून चाला आणि वरिष्ठांना त्याच दिवशी सांगा. पुढे कर्जदाराने नाव बदलले आणि जुन्या नावाची नोंद नव्या नावाच्या शोधात सापडेनाशी झाली, तर चार महिन्यांच्या आत दुरुस्ती करा; नाहीतर त्यानंतर आलेल्या तारणावर तुमचा बोजा पक्का राहत नाही.

पोच आल्यावर मी परवान्यावरच्या नावाने त्याच कार्यालयात स्वतः शोध घेते आणि आमची नोंद निकालात दिसली, की त्या निकालाची प्रत परवान्याच्या प्रतीमागे लावते. ती प्रत लागेपर्यंत फाइल माझ्या टेबलावरून हलत नाही.