गवत खालून वाढतं

शोभेचं गवत लावायचं मनात असेल तर आधी कुठल्याही गवताची एक काडी बुंध्यापासून तोडून घ्या आणि चिमटीत धरून फिरवा. गोल फिरली आणि मध्ये मध्ये पेरांच्या गाठी लागल्या, तर ते खरं गवत. बोटांना तीन कडा जाणवल्या तर बहुधा तो लव्हाळा. रोपवाटिकेत दोन्ही शेजारी शेजारी मांडलेले असतात आणि दोघांनाही ग्रासच म्हणतात. मॉन्डो ग्रास तर या दोन्हींत बसत नाही, ते शतावरीच्या कुळातलं. हा नुसता नावाचा घोळ नाही. छत्रीसारख्या पानांचा लव्हाळा पाण्याच्या टबात सुखाने उभा राहतो. त्याच टबात फाउंटन ग्रास ठेवलं तर त्याचा बुंधा कुजतो.

आता त्याच गवताच्या मधलं, सगळ्यात कोवळं पान धरून हळूच वर ओढा. सरकन निघून येतं. त्याचं खालचं टोक पांढरट, मऊ असतं, नखाने दाबलं तर पाणी सुटतं. पान वाढतं ते इथून; वरचं टोक हा त्याचा सगळ्यात जुना भाग. गुलाबाचा शेंडा खुडला की तो तिथेच थांबतो आणि बाजूचे डोळे फुटतात. गवताच्या फुटव्याचा कोंब मात्र तुऱ्यावर येईपर्यंत जमिनीलगत, पानांच्या आवरणात दडलेला असतो. म्हणून तर गुरांनी चरलेलं गवत पुन्हा उभं राहतं. चौदा वर्षं मी गवतं लावते आहे. किती खोल लावायचं, कधी कापायचं, खत किती घालायचं, या सगळ्याचं उत्तर मला या एका गोष्टीत सापडत गेलं.

माझं पहिलं गवत म्हणजे जांभळट लाल पानांचं फाउंटन ग्रास. वाऱ्याने हलू नये म्हणून मी ते चांगलं चार बोटं खोल लावलं, वर बुंध्याभोवती मातीची भर घालून पायाने दाबलं. तीन आठवड्यांत मधली पानं तपकिरी झाली. एक फुटवा ओढला तर तो मुळाशिवाय हातात आला, आणि कुजका वास. मला फार वाईट वाटलं होतं, कारण मी ते जपूनच लावलं होतं. तेव्हापासून माझा नियम ठरला: पिशवीत किंवा कुंडीत मातीची जी पातळी असते तीच जमिनीत. माती चिकण, पाणी धरून ठेवणारी असेल तर रोप बोटभर वर. खड्डा मुळांच्या गड्ड्याइतकाच खोल, पण दुप्पट रुंद. मुळं पिशवीत गोल गोल वेढली गेली असतील तर ती बोटांनी मोकळी करा, चार-दोन तुटली तरी चालतील. आळं करताना बुंधा उंचावर आणि पाणी कडेला, असा उतार द्या. पालापाचोळ्याचं आच्छादन दोन इंच घाला, पण बुंध्यापासून चार बोटं लांब.

दोन रोपांत अंतर किती? गवत पूर्ण वाढल्यावर जेवढं उंच होतं, साधारण तेवढं. तीन फुटी गवत असेल तर तीन फूट. पहिल्या वर्षी वाफा ओकाबोका दिसतो आणि मध्ये आणखी दोन रोपं खुपसायचा मोह होतो. खुपसू नका. रिकाम्या जागेत एका हंगामाची फुलं लावा, दुसऱ्या वर्षी गवत ती जागा स्वतः भरून काढतं.

कोणतं गवत आणायचं, हे ठरवताना रंगाच्या आधी त्याची चाल विचारा. काही गवतं एका जागी बेट करून राहतात. काही हरळीसारखी जमिनीखालून पळतात. आणि काही बेट करून राहतात, पण बी वाऱ्यावर सोडतात. पॅम्पस ग्रास हे मूळ दक्षिण अमेरिकेतलं. कॅलिफोर्नियात आणि न्यूझीलंडमध्ये ते बागांमधून निसटून रानोमाळ पसरलं. हिरव्या पानांचं फाउंटन ग्रास हवाई बेटांवर लाव्हाच्या उघड्या जमिनीवरही पसरलं आणि वाळल्यावर वणव्यांना इंधन ठरलं. लाल टोकांचं ‘रेड बॅरन’ हा आपल्या दर्भाच्याच जातीचा बागेतला प्रकार, आणि त्या मूळ जातीचं नाव जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. माझ्याकडे एकदा ‘वाढ मर्यादित राहते’ असं सांगून दिलेलं लाल गवत आलं होतं. दुसऱ्या वर्षी त्यातले काही फुटवे पूर्ण हिरवे निघाले, आणि हिरवे निघाले ते दुप्पट जोराने पळाले. टोकदार पांढरे कोंब विटांच्या फटींतून वर यायचे. ते सगळं खणून काढायला मला दोन हंगाम लागले, आणि खुरप्याने तुटलेला प्रत्येक तुकडा पुन्हा फुटत होता. पसरणारं गवत हवंच असेल तर ते कुंडीत ठेवा आणि कुंडी जमिनीवर नको, फरशीवर.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी लाल फाउंटन ग्रासचा ‘रुब्रम’ हाच प्रकार सुचवते. त्याला बी जवळजवळ धरतच नाही, आणि तुरे मांजराच्या शेपटीसारखे झुपकेदार. वाळाही फार गुणी. त्याची मुळं आडवी न जाता सरळ खाली तीन-चार मीटरपर्यंत उतरतात आणि उताराची माती धरून ठेवतात. थंड हवेच्या ठिकाणी फेदर रीड ग्रासचा ‘कार्ल फोर्स्टर’ लावा. हा वांझ संकर आहे, भाल्यासारखा ताठ उभा राहतो. ज्यांच्यावरून त्याला नाव मिळालं ते कार्ल फोर्स्टर (1874-1970) हे जर्मन रोपवाटिकाकार. गवताला बागेत मानाची जागा मिळवून देणाऱ्यांत त्यांचं नाव पुढे आहे.

गवतांचे स्वभाव दोन. फाउंटन ग्रास, मिस्कँथस, पॅनिकम, वाळा, गवती चहा ही उष्णतेत वाढणारी. पारा 27 ते 35 अंशांच्या दरम्यान असला की ती जोमात येतात आणि थंडीत झोपतात. निळं फेस्क्यू आणि फेदर रीड ग्रास थंड हवेतली. 15 ते 24 अंशांत खुश असतात. उन्हाळा कडक आणि दमट असेल तिथे निळ्या फेस्क्यूचा हट्ट धरू नये. ते मधूनच सुकत जातं आणि आपण पाणी घालून ते आणखी कुजवतो. बाकी ऊन मात्र बहुतेक सगळ्यांना हवं, रोज किमान सहा तास. सावलीच चांगली मानणारं, मला मनापासून आवडणारं गवत म्हणजे जपानमधलं हाकोनेक्लोआ. त्याचं पान देठाशी पीळ घेऊन उलटं होतं, त्यामुळे आपल्याला वरून दिसते ती पानाची खालची बाजू. पान हातात घेऊन नीट बघा, पीळ दिसतो.

आता कापणी. वर्षभरात गवताचं खरं मोठं काम हे एवढंच आहे. उष्णतेतल्या गवताचं पान थंडीत वाळून पिवळं पडतं. ते लगेच कापू नका. वाळकी पानं बुंध्यावर पांघरुणासारखी असतात, आणि पोकळ खुंट उघडे पडले की त्यांत पाणी साचून बुंधा सडू शकतो. पक्षीही तुऱ्यांवर येतात. कापायचं ते थंडी सरताना, बुंध्याशी नवे हिरवे कोंब नुकते डोकावू लागले की. इथे उशीर केलात तर काय होतं ते मी पाहिलंय. एका वर्षी कामाच्या गडबडीत मिस्कँथसचे कोंब वीतभर वाढेपर्यंत थांबले आणि मग कापलं. गवत जगलं, पण त्या हंगामातल्या पहिल्या सगळ्या पानांची टोकं कातरलेली, बोथट. पान खालून वाढतं; कापलेलं टोक पुन्हा येत नाही, ते तसंच वर वर सरकत जातं.

कापायच्या दिवशी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि जाड हातमोजे घाला, डोळ्यांवर चष्मा. मोठ्या गवतांच्या पानांच्या कडेला सिलिकाचे बारीक दाते असतात, ते कातडी चिरतात. सगळं बेट सुतळीने दोन ठिकाणी आवळून बांधा, एकदा गुडघ्याच्या उंचीवर आणि एकदा छातीच्या. मग खालच्या सुतळीच्या खाली, जमिनीपासून चार ते सहा इंच ठेवून कापा. सगळी पेंढी एका तुकड्यात हातात येते, अंगण झाडावं लागत नाही. मी दातेरी विळा वापरते. कात्रीने मनगट दुखतं आणि खुंट चेंगरतात. जुनं मिस्कँथस असेल तर मात्र विळ्याचा निभाव लागत नाही, छाटणीची करवत घ्यावी लागते. जिथे थंडी नावापुरती असते तिथे गवत बारमाही हिरवं राहतं; तरीही वर्षातून एकदा कापा, नाहीतर जुन्या काड्या बुंध्यात अडकून नव्या फुटव्यांना उजेड मिळत नाही.

फेस्क्यूसारख्या सदाहिरव्या लहान गवतावर विळा चालवू नका. हातमोजा घालून केस विंचरावेत तशी बोटं खालून वर फिरवा, वाळलेली पानं आपोआप सुटून येतात. फारच विस्कटलं असेल तर वरचा एक तृतीयांश भाग कापा, त्याहून जास्त नाही.

तीन-चार वर्षांनी बेटाच्या मधोमध टक्कल पडतं. नवे फुटवे बाहेरच्या बाजूने येत राहतात आणि मधलं जुनं लाकडासारखं होतं. मग ठोंब फोडायचे. उष्णतेतलं गवत कोंब फुटू लागले की फोडा, झोपायला निघालेलं असताना कधीच नाही. तुटलेली मुळं भरून यायला त्याला ऊब लागते. आदल्या दिवशी पाणी द्या आणि दुसऱ्या दिवशी माती वाफशावर असताना खणा. मिस्कँथसचं बेट पहिल्यांदा काढलं तेव्हा बाबा मदतीला होते. मी कुदळीने घाव घालत होते, तर ते म्हणाले, “अगं, मारू नकोस, खालून उचल.” त्यांनी पहार बेटाखाली तिरकी घातली, चारी बाजूंनी थोडं थोडं उचकटलं, आणि सबंध गड्डा वर आला. मग आडवा पाडून करवतीने चिरला. प्रत्येक ठोंबाला पाच-सहा फुटवे आणि त्यांची स्वतःची मुळं असली पाहिजेत. पानं वीतभर ठेवून छाटा, मुळं ओल्या गोणपाटाखाली झाका आणि त्याच दिवशी लावा. मधला मेलेला भाग टाकून द्या, त्यातून काही फुटत नाही.

खताबद्दल मी ठाम आहे. कापणीनंतर बेटाभोवती दोन मुठी कंपोस्ट, एवढंच. नत्र जास्त झालं की पानं लुसलुशीत, लांबलचक होतात आणि भरलेल्या पिकासारखं गवत लोळतं. सावलीतही तसंच लोळतं. लोळलेल्या गवताला काठीचा आधार देण्याआधी खत थांबवा आणि उजेड मोजा. पाणी पहिल्या वर्षी जपून: सुरुवातीचे दोन महिने आठवड्यातून दोनदा, पण वीतभर खोल ओल जाईल असं, नंतर आठवड्यातून एकदा. दुसऱ्या वर्षापासून जमिनीतल्या बेटाला पावसाने बराच काळ ओढ दिली तरच. कुंडीतल्या गवताला ही सवलत नाही. निदान फूटभर रुंद कुंडी, निचऱ्याला मोठं भोक, कडक उन्हात रोज पाणी आणि दर दोन वर्षांनी ठोंब फोडून नवी माती.

रोगराई कमी. पानावर नारिंगी भुकटी दिसली तर तो तांबेरा. ती पानं काढून टाका आणि पाणी वरून शिंपडण्याऐवजी मुळाशी द्या. फुटव्याच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण. असा फुटवा मी बुंध्यापासून कापून लांब नेऊन टाकते.

जागेचं मी मुद्दाम मागे ठेवलं. गवताचा तुरा समोरून ऊन पडलं की साधा दिसतो. सूर्य त्याच्या मागे गेला की प्रत्येक कुसळाला वेगळी उजेडाची कड येते. म्हणून गवत आपल्या आणि मावळतीच्या, नाहीतर उगवतीच्या उन्हाच्या मध्ये हवं, मागे भिंत असेल तर ती उजेड अडवणार नाही इतकी ठेंगणी. रोज जिथे बसता तिथे बसा, कुंडीतलं रोप समोर ठेवायला सांगा, हातभर डावीकडे, हातभर उजवीकडे सरकवून बघा. दोन संध्याकाळी तिथे काढा आणि मगच खड्डा खणा.