दोन दूरच्या शहरांमधील हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ कसा काढावा

दूरच्या शहरांमधील अंतर सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजू नये. गोल पृथ्वी कागदावर उतरवताना बहुतेक जगाच्या नकाशांत ध्रुवांकडचा भाग ताणला जातो आणि कागदावर सरळ दिसणारी रेषा प्रत्यक्षात लांबची ठरते. सर्वांत जवळचा मार्ग बृहद्वृत्ताचा, म्हणजे ज्या वर्तुळाचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळते त्या वर्तुळाचा, कंस असतो. पृथ्वीगोल हाताशी असेल तर दोन्ही शहरांवर दोरा ताणून धरावा. तो आपोआप याच मार्गावर बसतो.

आकडा हवा असल्यास वैज्ञानिक कॅल्क्युलेटर पुरतो. दोन्ही अक्षांशांच्या साइनांचा गुणाकार करावा. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतील फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार त्यात मिळवावा. ही बेरीज ज्या कोनाचा कोसाइन आहे, तो कोन अंशांत काढून १११.२ ने गुणला की किलोमीटर मिळतात. दक्षिण अक्षांश ऋण धरायचे, हे विसरू नये.

टोकियो ३५.७ उत्तर, १३९.७ पूर्व आणि सॅन फ्रान्सिस्को ३७.८ उत्तर, १२२.४ पश्चिम आहे. रेखांश विरुद्ध दिशांचे असल्याने त्यांची बेरीज २६२.१ येते, ती १८० हून अधिक असल्याने ३६० मधून वजा करून ९७.९ हा फरक घ्यावा. कोन सुमारे ७४.४ अंश आणि अंतर सुमारे ८,२७० किलोमीटर येते. दोन्ही शहरे जवळजवळ एकाच अक्षांशावर असल्याने सरळ पूर्वेला जावे असे वाटते, पण तसे गेल्यास सुमारे ८,७०० किलोमीटर पडतात. जवळचा मार्ग उत्तरेला, अलास्काजवळच्या अल्यूशन बेटांकडे वळून जातो.

अंतर कायम राहते, वेळ मात्र वाऱ्यावर अवलंबून असतो. मोठे जेट विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने उडते, परंतु ज्या उंचीवरून ते जाते तिथेच मध्य अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, वाहत असतो आणि हिवाळ्यात तो अधिक जोरदार असतो. मार्गावर सरासरी १०० किलोमीटरचा वारा धरला, तर पूर्वेला जाताना जमिनीसापेक्ष वेग १,००० आणि परतताना ८०० होतो. धावपट्टीपर्यंतची चाल, चढण व उतरण यांसाठी ४० मिनिटे मिळवली, की जाताना सुमारे नऊ आणि येताना अकरा तास होतात.

विमान नेहमी जवळच्या मार्गानेच जाईल असेही नाही. २०२२ मध्ये रशियाचे हवाई क्षेत्र युरोपीय विमान कंपन्यांना बंद झाल्यावर त्यांचे हेलसिंकी ते टोकियो हे सुमारे साडेनऊ तासांचे उड्डाण जवळपास तेरा तासांवर गेले. म्हणून आपण काढलेला वेळ वेळापत्रकाशी अवश्य ताडून पाहावा.

ताडताना तिकिटावरील दोन वेळांची थेट वजाबाकी करू नये, कारण त्या दोन्ही स्थानिक असतात. आधी दोन्ही यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर समान धरल्या जाणाऱ्या प्रमाण वेळेत, आणाव्यात. हिवाळ्यात टोकियोहून संध्याकाळी ५ वाजता, म्हणजे यूटीसी ८ वाजता, निघालेले विमान नऊ तासांनी यूटीसी १७ वाजता पोहोचते. सॅन फ्रान्सिस्को यूटीसीच्या आठ तास मागे असल्याने तिथे सकाळचे ९ वाजलेले असतात, आणि आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडल्यामुळे तारीखही तीच असते. उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोची घड्याळे एक तास पुढे जातात, टोकियोची जात नाहीत; त्या काळात हेच विमान सकाळी १० वाजता उतरते.