चढावर धापा टाकणारी कार्ट

घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीत आजी-आजोबांना गेटपासून शेवटच्या टॉवरपर्यंत सोडायला एक गोल्फ कार्ट आहे. ४८ व्होल्टची, ८ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या. पावसाळ्यानंतर ती क्लबहाउसच्या चढावर मान टाकायला लागली. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, सगळा सेट बदला." कमिटीने आकडा ऐकला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

रात्रभर चार्ज करून सकाळी मीटर लावला. सहाही बॅटऱ्या ८.४ च्या आसपास. म्हणजे ठणठणीत? छे! वॉचमन काकांना गाडी चढावर घ्यायला सांगितली आणि मी मागे बसून चालत्या गाडीत एकेक मोजली. पाच जणी साडेसातच्या वर, चौथी थेट सहावर. भार पडल्याशिवाय बॅटरी खरं बोलत नाही.

झाकणं उघडली तर चौथीच्या एका सेलमध्ये (बॅटरीतल्या एका कप्प्यात) प्लेटा उघड्या पडलेल्या. प्लेटा बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घातलं, चार्जिंगनंतर लेव्हल पूर्ण केली. हायड्रोमीटरवर (ॲसिडची घनता मोजायची नळी; चार्ज जास्त तर आकडा जास्त) बाकीचे सेल १.२६५ च्या पुढे, हा मात्र १.१५०. इक्वलायझिंग चार्ज (सगळे सेल सारखे भरावेत म्हणून मुद्दाम दिलेला जादा चार्ज) देऊनही जेमतेम हलला. सेल गेला होता.

नवी बॅटरी मुद्दाम घेतली नाही. जुन्यांच्या संगतीत तीही लवकर बसते. तेवढीच वापरलेली, तपासलेली एक मिळाली. टर्मिनलवरची पांढरी भुकटी खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतली (हातमोजे, चष्मा घालूनच), नट आवळले.

आता तीन आजी आणि भाजीच्या पिशव्या घेऊन कार्ट चढ चढते.